इलेक्ट्रोस्टॅटिक घ्यावा की रिबन? आधी खोली मोजा

लोकांच्या घरात होम थिएटर लावून देणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर घ्यावा की रिबन स्पीकर, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो जवळजवळ दर वेळी एकाच रूपात येतो: ‘दोन्हींत जास्त स्वच्छ आवाज कुणाचा?’ खरं सांगायचं तर स्वच्छतेवरून निवड होतच नाही. चांगला इलेक्ट्रोस्टॅटिक आणि चांगला रिबन, दोन्ही इतके स्वच्छ वाजतात की त्या निकषावर भांडत बसणं हा रिकामपणाचा उद्योग आहे. निवड ठरते ती आवाज खोलीत कुठे कुठे जातो आणि तुमचा अँप्लिफायर किती सोसतो यावर. म्हणून डेमोला जाण्याआधी हातात मोजपट्टी घ्या.

आत काय असतं, थोडक्यात

इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये काही मायक्रॉन जाडीची प्लास्टिकची फिल्म ताणून बसवलेली असते. तिच्यावर विद्युतवाहक थर असतो आणि दोन्ही बाजूंना भोकं पाडलेल्या धातूच्या जाळ्या असतात. फिल्मवर काही हजार व्होल्टचा स्थिर भार ठेवतात, त्यासाठी प्रत्येक स्पीकरला स्वतःचा वीजपुरवठा लागतो. अँप्लिफायरचा सिग्नल ट्रान्सफॉर्मरने चढवून जाळ्यांना दिला की फिल्म पुढे-मागे ओढली जाते. जोर एका टोकाला न लागता सगळ्या फिल्मवर सारखा लागतो, त्यामुळे ती वेडीवाकडी लचकत नाही. आवाजातली ती प्रसिद्ध पारदर्शकता इथून येते. १९५७ साली पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीने असा पूर्ण पल्ल्याचा स्पीकर बाजारात आणला. त्याचा आवाज ऐकून आजही लोक गप्प होतात.

रिबनमध्ये अ‍ॅल्युमिनियमची अगदी पातळ, बहुधा चुण्या पाडलेली पट्टी दोन चुंबकांमधल्या फटीत टांगलेली असते. सिग्नलचा प्रवाह थेट त्या पट्टीतून जातो. साध्या स्पीकरसारखी वेगळी व्हॉइस कॉइल (तारेचं वेटोळं) नाही, शंकू नाही, म्हणून हलणारं वजन नगण्य. पट्टीचा रोध ओहमच्या लहानशा अंशाएवढा असतो. एवढा कमी रोध कुठल्याही अँप्लिफायरला झेपणार नाही, म्हणून बहुतेक रिबन ट्वीटरच्या (वरचे सूर वाजवणाऱ्या भागाच्या) मागे एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो.

खरेदी करताना एक गोष्ट तपासाच. ‘रिबन’ म्हणून विकली जाणारी प्रत्येक वस्तू रिबन नसते. जाळीतून टॉर्च मारा. चकाकणारी उघडी धातूची पट्टी टांगलेली दिसली तर तो खरा रिबन. प्लास्टिकच्या फिल्मवर चिकटवलेल्या वाहक रेषा दिसल्या तर तो प्लॅनर मॅग्नेटिक. जिम वायनी यांनी १९६९मध्ये उभी केलेली मॅग्नेपॅन कंपनी याच घराण्यातली, मात्र तिच्या वरच्या मॉडेलांत ट्वीटर खरा रिबन असतो. आणि पंख्यासारख्या घड्या दिसल्या तर तो ऑस्कर हाइल यांचा एएमटी, म्हणजे एअर मोशन ट्रान्सफॉर्मर. तिन्ही चांगले वाजू शकतात, पण आवाज पसरण्याची रीत, सहनशक्ती आणि दुरुस्ती तिन्हींची वेगळी. विक्रेता गोंधळला असेल तर तुम्ही गोंधळू नका.

पहिलं मोजमाप: स्पीकरमागची भिंत

खरा फरक इथे आहे. इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेल, आणि मॅग्नेपॅनसारखी उघडी पॅनेल्सही, पुढे जितका आवाज फेकतात तितकाच मागे फेकतात, आणि मागचा आवाज पुढच्याच्या उलट्या फेजमध्ये असतो, म्हणजे पुढे हवा दाबली जाते तेव्हा मागे ती ओढली जाते. याला डायपोल म्हणतात. पेटीत बसवलेला रिबन ट्वीटर मागून बंद असतो. तो फक्त पुढे वाजतो.

मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो. पॅनेल भिंतीपासून १ मीटर पुढे असेल तर हा परतलेला आवाज २ मीटर जास्त चालून येतो, म्हणजे सुमारे ६ मिलिसेकंद उशिरा. तेवढ्या उशिराने आलेला आवाज कान वेगळा धरतो आणि त्यातून आवाजाला खोली मिळते, पडद्यामागे जागा असल्याचा भास होतो. पॅनेल भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर ठेवलं तर जास्तीचं अंतर ६० सेंटिमीटर उरतं, आणि ५७० हर्ट्झच्या आसपास दोन्ही लाटा एकमेकींना खातात. माणसाच्या बोलण्यातला महत्त्वाचा भाग तिथेच असतो. मग ‘संवाद पोकळ येतात’ म्हणून तक्रार होते, नवीन केबल घेतली जाते, रिसीव्हर (अँप्लिफायर आतच असलेला मुख्य डबा) बदलला जातो, आणि पॅनेल तसंच भिंतीला टेकून उभं असतं.

तेव्हा टेप लावून बघा: टीव्ही किंवा पडदा, मध्ये चालायची जागा, सोफा, हे सगळं धरून स्पीकर भिंतीपासून निदान १ मीटर पुढे येतो का? येत नसेल तर इलेक्ट्रोस्टॅटिकचा विषय इथेच संपला असं मी तरी समजतो. मागच्या भिंतीवर जाड फोम ठोकून मार्ग काढता येईल असं काही जण म्हणतात. ५ सेंटिमीटरचा फोम वरचे सूर खातो, खालच्या सुरांपुढे त्याचं फारसं काही चालत नाही. शिवाय मागचा सगळा आवाज गिळून टाकायचा असेल तर डायपोल घेतला कशाला? जागा पुरेशी असेल तर मागे पुस्तकांनी भरलेलं, खालीवर उंचीचं कपाट ठेवा. परतणारा आवाज विखुरतो आणि ते मला कुठल्याही फोमपेक्षा बरं वाटतं.

डायपोलचा एक फायदा मात्र फुकट पदरात पडतो. त्याच्या दोन्ही कडांना, म्हणजे पॅनेलच्या रेषेत, आवाज जवळजवळ शून्य असतो. म्हणून बाजूची भिंत जवळ असली तरी तिच्यावरून येणारं प्रतिबिंब कमी. अरुंद पण लांब खोलीत इलेक्ट्रोस्टॅटिक अनपेक्षितपणे छान बसतो तो याचमुळे.

प्रोजेक्टरच्या आरपार आवाज जाणाऱ्या पडद्यामागे स्पीकर लपवायचा असेल तर डायपोल विसरा. तिथे पेटीतला रिबन.

दुसरं मोजमाप: किती माणसं बसणार

जी पट्टी किंवा फिल्म सुराच्या तरंगलांबीपेक्षा रुंद, ती आवाज त्या दिशेने पसरवत नाही, शलाकेसारखा फेकते. १० हजार हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. आता ३० सेंटिमीटर रुंद सपाट इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेल घ्या. ३ मीटरवर बसून डोकं एखाद्या फुटाने बाजूला नेलं की १० हजार हर्ट्झ गायब. मधल्या माणसाला स्वर्ग आणि शेजारच्याला रजई पांघरून वाजवलेला आवाज, असा प्रकार होतो.

यावर उपाय शोधले गेलेच. मार्टिनलोगन पॅनेलला कमानीसारखा बाक देते, त्यामुळे आवाज सुमारे ३० अंशांत पसरतो. क्वाडने १९८१मध्ये आणलेल्या ईएसएल-६३मध्ये जाळीची एकात एक गोल कडी करून प्रत्येक कड्याला थोडा थोडा उशीर दिला, म्हणजे आवाज पॅनेलमागच्या एका बिंदूतून फुटल्यासारखा येतो. दोन्ही युक्त्या काम करतात. तरी तीन-चार जणांच्या सोफ्यासाठी मी पॅनेल देताना दहादा विचार करतो.

रिबनचं उलटं आहे. पट्टी सेंटिमीटरभर रुंद, म्हणून आडवा आवाज सुरेख पसरतो. सोफ्याच्या कडेला बसलेल्यालाही वरचे सूर मिळतात. पण पट्टी उंच असते, म्हणून उभा पसारा आवळलेला. १० सेंटिमीटर उंच रिबन कानाच्या पातळीवर असताना सोफ्यावरून उठून उभे राहिलात तर १० हजार हर्ट्झ साधारण ५ डेसिबलने पडतो. एका ओळीच्या सोफ्याला याने काही बिघडत नाही, उलट छत आणि फरशीवरून येणारं प्रतिबिंब कमी होतं. मागची ओळ ओट्यावर उंच बसवली असेल तर मात्र बिघडतं. तेव्हा रिबन दोन ओळींच्या मधल्या उंचीला रोखावा लागतो, आणि तसं स्पीकरला किंचित मागे झुकवूनही साधतं.

डेमोत हे दोन मिनिटांत कळतं. रिसीव्हरमधला पिंक नॉइज (चाचणीसाठीचा सलग खळखळाट) फक्त डाव्या स्पीकरवर लावा. बसल्या जागी डोकं हळूहळू डावीकडे-उजवीकडे न्या, मग हळूच उभे राहा. आवाजातला ‘स्स्स’ कुठे मावळतो तिकडे लक्ष द्या. विक्रेता या वेळी काहीतरी बोलत राहील. बोलू द्या.

अँप्लिफायर

पेटीतला रिबन ट्वीटर, ट्रान्सफॉर्मरसकट, अँप्लिफायरला साध्या रोधासारखा दिसतो. बहुतेक रिसीव्हर त्याला हूं की चूं न करता चालवतात. जुन्या अपोजी सिंटिलासारखे १ ओहमचे पूर्ण रिबन स्पीकर सेकंडहँड मिळाले तर गोष्ट वेगळी. ते रिसीव्हरला जोडूच नका.

इलेक्ट्रोस्टॅटिक मुळात एक मोठा कपॅसिटर, म्हणजे भार साठवणारा घटक. सूर जितका वरचा तितका त्याचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा एकूण विरोध) कमी. डब्यावर ४ ओहम लिहिलेलं असतं आणि २० हजार हर्ट्झला तो १ ओहमच्याही खाली गेलेला असतो. त्या सुरात ऊर्जा कमी असते म्हणून मध्यम आवाजात रिसीव्हर निभावून नेतो, पण काचा फुटण्याचा, गोळीबाराचा प्रसंग जोरात लागला की वरचे सूर खरखरीत होतात किंवा प्रोटेक्शन पडून सगळं बंद. रिसीव्हरच्या मेनूत ४ ओहमचा पर्याय दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. तो बहुधा आतला व्होल्टेज कमी करून रिसीव्हरला वाचवतो, ताकद वाढवत नाही. रिसीव्हरला प्री-आउट (बाहेरच्या अँप्लिफायरला सिग्नल देणारी जोडणी) आहेत का ते बघा आणि पुढच्या स्पीकरना २ ओहमपर्यंत निवांत चालणारा वेगळा पॉवर अँप्लिफायर द्या. तो खर्च इलेक्ट्रोस्टॅटिकच्या किमतीत सुरुवातीपासूनच धरायचा. वीजपुरवठ्यासाठी दोन्ही स्पीकरपाशी सॉकेट हवेत, तेही वायरिंग करतानाच ठरवा.

किती जोरात

सिनेमाच्या संदर्भ पातळीला प्रत्येक मुख्य चॅनलला बसल्या जागी १०५ डेसिबलचे शिखर गाठावं लागतं. समजा स्पीकर १ वॉटला १ मीटरवर ८६ डेसिबल देतो आणि तुम्ही ३ मीटरवर बसता. अंतराने साडेनऊ डेसिबल गेले, तर १०५ला सुमारे ७०० वॉट लागतील. खोली थोडा आवाज परत देते, उंच पॅनेलचा आवाज अंतराने कमी घटतो, आणि घरी बहुतेक जण यापेक्षा १० डेसिबल खालीच ऐकतात. त्या पातळीला ७० वॉट पुरतात. पण इलेक्ट्रोस्टॅटिकला वॉट मिळाले म्हणून तो हवा तितका वाजेल असं नाही. हवा दर मिलिमीटरला साधारण ३ हजार व्होल्टपर्यंतच तग धरते, पुढे ठिणगी पडते. फिल्मला हलायला जागाही थोडीच. म्हणून त्याला वरची मर्यादा आहे, आणि ती मर्यादा आली की संरक्षक सर्किट आवाज दाबतं. युद्धपट दणक्यात बघणाऱ्या माणसाला मी पॅनेल देत नाही. दोघांनी मिळून संवादप्रधान सिनेमे आणि संगीत ऐकायचं असेल तर आनंदाने देतो.

सेंटर, सराउंड आणि सबवूफर

सेंटर स्पीकरमध्ये सगळ्यात जास्त गफलत होते. रिबन उभा असेल तरच आडवा पसरतो. पुढचा उभा स्पीकर टीव्हीखाली आडवा टाकला की रिबनही आडवा होतो आणि कडेच्या माणसाचे वरचे सूर जातात. आडव्या सेंटरमध्येही रिबन उभाच बसवलेला आहे ना, हे जाळी काढून पाहा. इलेक्ट्रोस्टॅटिक डाव्या-उजव्याबरोबर सेंटर त्याच कंपनीचा, त्याच जातीच्या पॅनेलचा घ्या. नाहीतर गाडी पडद्यावरून जाताना मध्येच तिचा सूर बदलतो.

सराउंडला इलेक्ट्रोस्टॅटिक हवेतच असं काही नाही. छतावरच्या अ‍ॅटमॉस स्पीकरना तर रुंद पसारा लागतो, आणि तिथे साधा डोम ट्वीटरही रिबनइतकाच शोभतो. पैसा पुढच्या तिघांवर घाला.

पॅनेलचा बास कमी असतो, कारण खालच्या सुरांत पुढची आणि मागची लाट कडेने वळून एकमेकींना मारतात. म्हणून बरेच इलेक्ट्रोस्टॅटिक हायब्रिड असतात: काही शे हर्ट्झखाली पेटीतला वूफर. कसाही असो, रिसीव्हरमध्ये पुढचे स्पीकर ‘स्मॉल’ ठेवा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झवर. पूर्ण पॅनेल असेल तर १०० करूनही ऐका. महागडा स्पीकर ‘स्मॉल’ लावताना लोकांचा जीव कासावीस होतो, पण खालच्या स्फोटाचं ओझं उतरलं की फिल्म मोकळी वाजते.

बसवताना

कमानदार पॅनेलचा कोन ठरवायला टॉर्चची युक्ती उत्तम. खोलीत अंधार करा, आपल्या जागेवर बसा, टॉर्च हनुवटीखाली धरून पॅनेलवर मारा. प्रकाशाचं प्रतिबिंब पॅनेलच्या आतल्या तिसऱ्या हिश्शात दिसेपर्यंत स्पीकर वळवा. दोन्हींकडे सारखं. मोठ्या टीव्हीची काच पॅनेलच्या रेषेत किंवा पुढे येत असेल तर टीव्ही मागे ढकला.

मायक्रोफोनने कॅलिब्रेशन करण्याआधी इलेक्ट्रोस्टॅटिक अर्धा तास वाजू द्या. अनेक मॉडेल सिग्नल नसताना भार सोडून झोपतात, आणि नुकत्याच जागलेल्या पॅनेलची पातळी कमी भरते. मग रिसीव्हर त्या चॅनलला उगाच डेसिबल वाढवून देतो.

ऐकताना दोन्ही स्पीकरची पातळी पिंक नॉइजवर एकसारखी करून घ्या, फोनवरचं मीटर चालेल. एखादा डेसिबल जास्त असलेला स्पीकर प्रत्येक वेळी ‘जास्त खुला’ वाटतो. मग पाऊस, टाळ्या आणि कुजबुज असलेले प्रसंग लावा. टाळ्यांत प्रत्येक हात वेगळा ऐकू येतो की नुसता कढईतला तडतडाट, यात दोन्ही जाती डोम ट्वीटरला मागे टाकतात. कुजबुजीत मला इलेक्ट्रोस्टॅटिक पुढे वाटतो. ओठ उघडण्याचा आवाजसुद्धा वेगळा कळतो. धातूवर धातू आपटण्यात, झांजेत, चाव्यांच्या जुडग्यात रिबन.

निगा आणि सेकंडहँड

भारित फिल्म धूळ ओढते. इलेक्ट्रोस्टॅटिकचा प्लग काढून रात्रभर भार उतरू द्या, मग मऊ ब्रश लावलेला व्हॅक्यूम क्लीनर जाळीवरून हलका फिरवा. हेच रिबनवर केलंत तर पट्टी नळीत जाईल. रिबनवर फुंकरही नको. आणि त्याच्या चुंबकांपासून लोखंडाचा कीस, स्टीलवूल, सैल स्क्रू लांब ठेवा.

जुना इलेक्ट्रोस्टॅटिक घेताना तो चालू ठेवून, सिग्नल न देता, जाळीजवळ कान न्या. टकटक किंवा तळल्यासारखी चरचर येत असेल तर कुठेतरी भार गळतोय. दमट हवेत हे जास्त. मग मोनो पिंक नॉइज आलटून पालटून दोन्हींवर लावा. एक मंद असेल तर त्याच्या फिल्मवरचा थर किंवा वीजपुरवठा संपत आलाय आणि पॅनेल बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. रिबनमध्ये टॉर्चने पट्टी पाहा. खाली लोंबलेली, एका बाजूला चुंबकाला टेकलेली किंवा चुरगळलेली नको. मल्टिमीटर इथे काही सांगत नाही, कारण पट्टी तुटली तरी तो ट्रान्सफॉर्मरचीच वाइंडिंग मोजतो, आणि वाटेत कपॅसिटर असेल तर चांगली पट्टीही तुटकी दाखवतो. त्यापेक्षा ३ हजार हर्ट्झपासून वर हळू सरकणारा सूर कमी आवाजात वाजवा आणि करकर ऐका. त्याखाली नेऊ नका. पट्टीला जास्त हेलकावे खायला लावणारे खालचे सूर हेच तिच्या मृत्यूचं नेहमीचं कारण, आणि विकणाऱ्याच्या घरात ती तुमच्या हातून मेली तर तिचे पैसे तुम्हालाच मोजावे लागतील.